रात्रीचं पाठांतर सकाळपर्यंत किती उरतं: आमच्या अभ्यासिकेतल्या नोंदी

आष्ट्यात सांगलीच्या रस्त्यालगत आमचं घर आहे. माडीवर १८ खुर्च्यांची अभ्यासिका चालवते. तलाठी, पोलीस भरती, सरळसेवा करणारी पोरंपोरी येतात. महिन्याला ६०० रुपये, रात्री १ पर्यंत दिवे चालू असायचे. मागच्या भरतीचा निकाल लागल्यावर एक मुलगा जिन्यात बसून म्हणाला, "काकू, रात्रभर वाचलेलं पेपरात आठवंनाच. वाचलंय एवढंच आठवत हुतं." मी अकरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. झोपेत आठवणी पक्क्या होतात हे मला माहीत होतं, आणि तरी त्यांच्या झोपेच्या वेळेला दिवे चालू ठेवायचे पैसे मीच घेत होते. ते टोचत राहिलं. म्हणून झोपेने पाठांतर किती टिकतं याचा प्रयोग सात आठवडे करून बघितला. कुणाला आपल्या अभ्यासिकेत किंवा वसतिगृहात करायचं असेल तर आधी माझ्या चुका वाचा, तुमचे निम्मे दिवस वाचतील.

१२ जानेवारी, सोमवार

बारा जण तयार झाले. नमुना जुनाच घेतला आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी फक्त दोन विद्यार्थ्यांवर केलेला. निरर्थक अक्षरं पाठ करून घ्यायची, मग एकदा झोपू द्यायचं, एकदा जागं ठेवायचं. आठ तासांनी झोपून उठल्यावर दहातली निम्म्याहून थोडी जास्त अक्षरं आठवली, जागेपणी जेमतेम एक. इतका साधा प्रयोग आहे की माडीवर सहज होईल असं वाटलं.

आमचा बेत असा: रात्री ९ ला पाठ, सकाळी ९ ला विचारायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला पाठ, रात्री ९ ला विचारायचं. दोन्हीकडे बारा तास, फरक फक्त झोपेचा. कार्डशीट, झेरॉक्स, दोन मार्कर मिळून २४० रुपये.

१३ जानेवारी

पहिलीच यादी वाया. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान आणि त्याचा जिल्हा अशा जोड्या केल्या होत्या, परीक्षेलाही उपयोग होईल म्हणून. सागरेश्वर, कोयना, चांदोली ही तर इथल्या पोरांना पाठच. दोघांना वीसच्या वीस यादी न बघता आल्या. आधीपासून डोक्यात असलेलं मोजून काही कळत नाही. साहित्य सगळ्यांना सारखंच परकं हवं.

उद्या संक्रांत, कुणी येणार नाही.

१५ जानेवारी

आता झाडं आणि त्यांची शास्त्रीय नावं. हळद म्हणजे कुरकुमा लोंगा, ऊस म्हणजे सॅकॅरम ऑफिसिनॅरम, चिंच टॅमरिंडस इंडिका, करंज पोंगामिया पिनाटा. वीस-वीसच्या दोन याद्या. वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्या दोन मुलींना बाजूला ठेवलं, राहिले दहा. गंमत अशी की ही नावं पोरांना आवडली. घरचं शेत हळदीचं असणारा एक जण दिवसभर कुरकुमा कुरकुमा करत होता. त्यामुळे हळद यादीतून काढावी लागली.

१९ जानेवारी, सोमवार

पहिली फेरी पूर्ण आणि निकाल उलटा! झोपून आलेल्यांना कमी आठवलं. रात्री मला झोप लागली नाही, आकडे परत परत बघत बसले.

चूक दुपारी सापडली. संध्याकाळी पोरं ग्राउंड मारून येतात. सोळाशे मीटर, गोळाफेक, वर जेवण. रात्री ९ ला डोळे जड. मुळात पाठच कमी झालं होतं, मग सकाळी जास्त कुठून येणार? किती शिकले हे न मोजता किती उरलं हेच मी मोजत होते. चार दिवस गेले.

आता पाठ करून झाल्यावर दहा मिनिटं गप्पा मारू द्यायच्या, मग एकदा विचारायचं, आणि बारा तासांनी परत. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच. याद्याही अदलाबदल करायच्या, म्हणजे एक यादी सोपी निघाली तरी बिघडणार नाही.

२२ जानेवारी

परत चुकलं. दहा मिनिटांनी विचारल्यावर चुकलेल्यांना मी बरोबर उत्तर सांगून टाकलं. शिकवण्याची सवय, तोंडातून निघूनच गेलं. म्हणजे तेवढ्यांचं दुसऱ्यांदा शिकणं झालं. नुसतं विचारण्यानेसुद्धा आठवण घट्ट होते, त्यात उत्तर सांगितलं की मोजमाप संपलंच. आता कोऱ्या कागदावर लिहून घेते, कागद दुमडून डब्यात, आणि मी तोंड उघडायचं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून पोरं थेट वर आली. पहिले विश्वास ठेवण्यासारखे आकडे आज हातात आले.

रात्री पाठ: दहा मिनिटांनी दहाजणांचे मिळून २०० पैकी १३१, सकाळी १२७. सकाळी पाठ: दहा मिनिटांनी १३८, रात्री ९६.

दहा माणसं म्हणजे काहीच नाही, हे मला माहीत आहे. तरी कागद मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले. एका मुलीला सकाळी रात्रीपेक्षा दोन नावं जास्त आली. ती म्हणाली, "काकू, रात्री जिभेवर यायचं आणि सटकायचं, आता आपोआप आलं." मी शिकवताना पुस्तकातून सांगितलेली गोष्ट आज पहिल्यांदा समोर बघितली.

सकाळी पाठ केलेल्यांतला एक जण दुपारी दीड तास झोपला होता आणि ते त्याने संध्याकाळी सांगितलं. त्याचे आकडे धरले आहेत, पण पुढच्या वेळी हे आधी विचारायचं. दुपारची झोपही झोपच. त्याला त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त आठवलं.

२९ जानेवारी

दुसऱ्या यादीने केलेली फेरी पूर्ण बिघडली. कारण रस्ता. गाळप हंगाम चालू आहे, रात्रभर उसाच्या ट्रॉल्या जातात, एका ट्रॅक्टरला दोन जोडलेल्या, वर मोठ्ठ्या आवाजात गाणी. काल दोन ते चार रांग लागली होती. रस्त्यालगत राहणाऱ्या पाचही जणांचे आकडे घसरले, आत गल्लीत राहणाऱ्यांचे नाही. जाग आलेली आठवत नाही असं त्यातले तिघं म्हणतात. पण जाग न येताही झोप वरवरची होते, खोलवर उतरत नाही. आणि पाठांतर टिकायला झोपेच्या पहिल्या निम्म्या भागातली गाढ झोप फार महत्त्वाची.

ड्रायव्हर लोकांना तरी काय म्हणावं, गाणी लावली नाहीत तर तेच झोपतील स्टिअरिंगवर. कानात घालायचे बोळे आणले, दहा जोड, ३०० रुपये. चौघांनी पहिल्याच रात्री काढून टाकले, कान दुखतो म्हणून. उशाची जागा खिडकीपासून आतल्या भिंतीला नेणं हा बिनपैशाचा उपाय जास्त चालला.

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून अभ्यासिका रात्री १०.३० ला बंद, सकाळी ५ ऐवजी ६ ला उघडी. रात्रीचा चहाही बंद, शेवटचा चहा संध्याकाळी ५ ला. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि मी आजवर ११ ला थर्मास भरून वर पाठवत होते.

दोघांनी लगेच सोडलं. "रात्रीच तर शांत असतंय," म्हणाले. त्यांचं चूक नाही. महिन्याला १२०० रुपये गेले. घरात हे काही बोलले नाहीत, पण वीजबिल काढून टेबलावर ठेवलं. बिल कमी येईल एवढंच मी म्हटलं.

५ फेब्रुवारी

आज जे झालं ते आधी लक्षात यायला हवं होतं. एक मुलगी आहे, दिवसा कापडाच्या दुकानात काम करते, घरी जाऊन स्वयंपाक, भांडी, मग नऊला वर येते. दहा पंचवीसला मी दिवे घालवायला गेले तर ती रडत होती. "काकू, माझा अभ्यासच आत्ता सुरू हुतोय. तुमी माझाच येळ बंद केला."

नियम सगळ्यांसाठी करताना मी तिचा दिवस बघितलाच नव्हता. तिला विचारलं, झोपतेस किती? साडेबाराला झोपून पाचला उठायचं. का? नळाला पाणी पाचला येतं. म्हणजे साडेचार तास. तिच्या वयाला सात तरी हवेत. आणि तिच्या पाठांतराचे आकडे सगळ्यांत कमी होते, ते बघून मी मनात तिला आळशी ठरवलं होतं. हे लिहिताना फार वाईट वाटतंय, पण लिहिते, कारण तुमच्याकडेही अशी एक मुलगी असेल.

तिच्यासाठी खालची आमची खोली, ११.३० पर्यंत. उद्या तिच्या आईला भेटायला जाणार.

६ फेब्रुवारी

आई शेतमजुरीला जाते. दारात उभी राहूनच बोलली. "झोपून अभ्यास हुतोय व्हय ताई?" मी आकडे सांगितले नाहीत. म्हटलं, उसाची तोड झाली की वाढं, पाचट बाजूला काढूनच मोळी बांधता ना? दिवसभर डोक्यात येतं त्यात पाचटच जास्त. झोपेत ते निघतं आणि ऊस तेवढा राहतो. पोरीला मोळी बांधायलाच वेळ मिळत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, पाण्याचं मी बघते, सहापर्यंत झोपू दे.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाचट मी आईला सांगितलं, पण मलाच ते तपासायचं होतं: झोप काय ठेवते आणि काय सोडते? २०११ मध्ये जर्मनीत एक प्रयोग झाला. शिकून झाल्यावर काहींना सांगितलं की याच्यावर परीक्षा होणार, काहींना काहीच सांगितलं नाही. झोपेचा फायदा झाला तो ज्यांना सांगितलं होतं त्यांना. म्हणजे पुढे लागणार आहे असं वाटलेलं झोप जास्त जपते.

आम्ही वीस नावांतल्या दहांवर लाल टिंब दिलं आणि सांगितलं, उद्या फक्त टिंबाची विचारणार. सगळं फुकट. कार्ड हातात पडताच पोरांनी टिंबाचीच नावं पाठ केली, बाकीची वाचलीसुद्धा नाहीत. सांगायचं होतं ते पाठ करून झाल्यावर. वाचलेलं असूनही मी उलट केलं.

११ फेब्रुवारी

नवीन वीस. आधी सगळी पाठ, कागद डब्यात, मग दिवे घालवायच्या आधी फळ्यावर दहा नावांपुढे टिंब. सकाळी विचारली मात्र वीसच्या वीस.

टिंबाची दहापैकी सरासरी सात आली, बिनटिंबाची चारच्या आसपास. रात्री दोन्हीकडे जवळपास सारखी होती.

पण दोघांनी कबूल केलं की अंथरुणात पडल्यावर टिंबाची नावं मनात घोकत होते. मग हे झोपेचं काम की घोकण्याचं? मला वेगळं करता आलं नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हा प्रयोग एका माणसावर एकदाच होतो. बिनटिंबाची विचारल्यावर पोरं हिरमुसली. "काकू, तुमी फसवलं," असं एकाने तोंडावर म्हटलं. मी माफी मागितली. पुढच्या वेळी टिंब दिलं तरी कोण विश्वास ठेवील?

तोच मुलगा नंतर हळूच विचारत होता, "मग बाकीचं इसरलं ते माझं डोकं कमी म्हणून का?" नाही रे बाळा. विस्कॉन्सिन विद्यापीठात तोनोनी आणि चिरेल्ली या दोघांनी वर्षानुवर्षं हेच शोधलं आहे. दिवसभर जागेपणी मेंदूतल्या पेशींमधल्या जोडण्या वाढत जातात, झोपेत त्या आखडतात. २०१७ मध्ये त्यांनी उंदरांच्या मेंदूचे अतिसूक्ष्म काप मोजले, तर झोपेनंतर जोडणीच्या जागा साधारण १८ टक्क्यांनी लहान झालेल्या. सगळ्यांत मोठ्या होत्या त्या मात्र तशाच राहिल्या. असं झालं नसतं तर उद्याचं शिकायला जागाच उरली नसती, असं त्यांचं म्हणणं. विसरणं हे तुझ्या मेंदूचं रात्रीचं काम आहे, तुझा दोष नाही. त्याला हे पटलं की नाही माहीत नाही, पण तो वर जाऊन बसला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल महाशिवरात्र. सहा जण देवळात जागरणाला गेले होते. देवाच्या कामाला मी अडवणार नाही. पण सकाळी तेच सहा जण आग्रहाने नवीन यादी घेऊन बसले आणि त्यांना रात्री किती आलं ते बघवेना. तिघांची तर पाठ केल्यावर दहा मिनिटांतच निम्मी गेली. रात्र जागून काढली की नवीन गोष्ट नोंदवून घेणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, तोच मंदावतो. झोप शिकल्यानंतर जितकी लागते तितकीच शिकायच्या आधीही. जागरण असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी नवीन काही वाचू नका, जुन्याचे प्रश्न सोडवा आणि लवकर झोपा.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. पोरं मिरवणुकीत. नोंद नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वासाचा प्रयोग बंद केला. २००७ मध्ये जर्मनीतच राश आणि बॉर्न यांच्या गटाने शिकताना गुलाबाचा वास दिला, तोच वास गाढ झोपेत परत दिला, आणि आठवण सुधारली. पुढे २०२० मध्ये तिकडच्या शाळकरी मुलांनी गुलाबाच्या वासाच्या उदबत्त्या घरी वापरून इंग्रजी शब्द पाठ केले, त्यांनाही फायदा झाला. उदबत्ती म्हटल्यावर मला वाटलं, हे तर आपलंच. दहा पुडे आणले, १५० रुपये.

तीन दिवसांत कळलं की आपल्याकडेच ते अवघड. घरोघरी तिन्हीसांजेला उदबत्ती लागते, चार घरांत गुलाबाचीच. वास जर रोज, सगळ्या कामांत, सगळ्या वेळी असेल तर तो या नावांची आठवण कसा देणार? न पेटवता उशाशी ठेवायला सांगितलं होतं, तरी दोघांच्या घरी ती पेटवली गेली आणि एकाला रात्रभर खोकला. त्याला बालपणापासून दमा आहे हे मी विचारलं नव्हतं. करायचंच असेल तर घरात कधीच नसतो असा वास शोधा, पेटवू नका, आणि दमा आहे का ते पहिल्या दिवशी विचारा. उरलेले पुडे देवघरात दिले.

२५ फेब्रुवारी

हिशोब. कार्डं आणि झेरॉक्स शेवटी ४१० पर्यंत गेले, बोळे ३००, उदबत्त्या १५०, सोडून गेलेल्यांची एका महिन्याची फी १२००. वाया गेलेले दिवस मोजले तर सतरा. वीजबिल अजून यायचं आहे. सोडून गेलेल्यांतला एक जण परत विचारून गेला, सकाळी ६ ची जागा आहे का.

आता रोज १० वाजता कुणीही नवीन पान उघडत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात आज वाचलेल्यातल्या आपल्याला खरंच लागणाऱ्या दहा गोष्टी निवडायच्या, त्यांना लाल टिंब द्यायचं, एकदा न बघता लिहायच्या आणि उठायचं. टिंब आता मी देत नाही, ज्याचं त्याने द्यायचं. बाकीचं वाचलेलं जाईल. जाऊ दे. सकाळी ६ ला पहिली दहा मिनिटं तीच दहा कोऱ्या कागदावर. याला प्रयोग म्हणता येणार नाही, यात तुलना करायला काहीच नाही. पण पोरं न सांगता करतायत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कापडाच्या दुकानातली ती आज सकाळी पावणेसातला आली. केस ओले, दुकानाला जायच्या आधी. तीन आठवडे ती साडेअकराला झोपून सहाला उठतेय, साडेसहा तास. पाण्याचे हंडे आई भरते. कागद मागितला आणि खिडकीशी उभी राहूनच लिहायला लागली. जानेवारीत रात्रीचं सकाळी वीसपैकी सहा होतं. आज तेरा. तेरावं नाव लिहून ती थांबली, वर बघितलं, परत खाली वाकली आणि पळसापुढे ब्युटिया मोनोस्पर्मा लिहिलं. चौदा.

कागद डब्यात टाकून जिना उतरताना म्हणाली, "काकू, आज रातीला नवी यादी द्या."